बटणची ओळखपरेड

फिस्स्.

कुकरची शिट्टी होता होता तिने मध्येच बेत रद्द करावा, तसा आवाज. दुपारचे अडीच वाजलेले, भिंगरी नुकतीच झोपलेली, आणि घर इतकं गप्प की नळालासुद्धा ठिबकायचा संकोच वाटावा. पाच वर्षांचं पोर दुपारी आपणहून झोपणं हा योग लॉटरीसारखा असतो. तो फुकट जाऊ नये म्हणून ताईने शिलाई मशीन बंद ठेवलं होतं आणि खिडकीशी बसून वकीलबाईंच्या काळ्या कोटाची बाही ती हाताने शिवत होती. तिचा धंदाच तो, तयार कपडे माणसांच्या मापाला आणून देण्याचा. कुणाची कंबर वाढते, कुणाचे खांदे उतरतात. ताई सगळा दोष कपड्यावर ढकलते आणि कपड्याला वठणीवर आणते. त्यामुळे गिऱ्हाईक खूश असतं.

फिस्स्. पुन्हा मागच्या खोलीतून. आणि त्यामागोमाग एक जाड, अजिजीचा आवाज.

"अगं बटण, मीच आहे."

फिस्स्!

"बरं बाई, नाही मी. जातो."

धाकटा बाहेर आला. एका हातात बशी, बशीत उकडलेल्या माशाचा तुकडा, आणि दुसऱ्या हातावर वहीत आखावेत तसे तीन समांतर ओरखडे.

"चौथा दिवस, ताई," तो कुजबुजला. "आईने मानलं. दुकानाच्या मालकांनी मानलं. बँकेनेसुद्धा मानलं, सात अर्ज घेऊन का होईना. ही एकटी ऐकायला तयार नाही."

वर्षभरापूर्वीपर्यंत या धाकट्याला घरात धाकटी म्हणत. ते कसं बदललं, कोण रडलं, कोण रुसलं आणि कोणत्या आत्याने फोन आपटला ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती ज्याची त्याने सांगावी. इथे गोष्ट मांजराची आहे. उपचारांसाठी धाकटा पाच महिने परगावी राहिला, मोठ्या रुग्णालयाजवळ. जाताना सात वर्षांची बटण ताईच्या हवाली करून गेला. बटण म्हणजे पांढरीशुभ्र मांजरी, पोटावर शर्टाच्या बटणाएवढा एकच काळा ठिपका. पिल्लू असताना धाकट्याने तिला गटाराच्या जाळीतून काढून खिशात घालून आणली होती, तेव्हापासून ती त्याच्या उशीवर झोपायची. उशी तिची आणि उरलेला पलंग त्याचा, अशी वाटणी होती. पाच महिन्यांनी तो परत आला तो दाढी घेऊन, खांदे घेऊन आणि तळघरातून आल्यासारखा आवाज घेऊन. भिंगरीने त्याला दारातच नखशिखांत न्याहाळलं, आणलेलं आइसक्रीम ताब्यात घेतलं आणि संध्याकाळपर्यंत 'मावशी'चं 'मामा' करून टाकलं. बटणने मात्र उशी सोडली. ती कपाटावर राहायला गेली.

एवढ्यावर भागलं असतं तर कुणी तक्रार केली नसती. मांजरं रुसतात. पण धाकट्याला दुसऱ्या गावी चांगली नोकरी लागली होती. चष्म्याच्या काचा घासायचा मोठा कारखाना, राहायला खोली, आणि तीन आठवड्यांत रुजू व्हायचं. खोलीत मांजर चालेल असं त्यांनी लेखी कळवलं होतं, फक्त पशुदवाखान्यातलं मांजराचं नोंदणीकार्ड मालकाच्या नावाचं हवं. आणि अर्थात मांजर मालकासोबत यायला हवं. पोत्यात घालून नेलेलं मांजर, धाकटा म्हणाला, हे अपहरण असतं.

"तिला नाही यायचं तर मी नेणार नाही," तो बशी ओट्यावर ठेवत म्हणाला. "राहील तुझ्याकडे. मी एकटा जाईन."

हे तो अगदी सहज म्हणाला. हा पोरगा लहानपणापासून असाच. अंगात ताप असला की हसून विचारायचा, चहा कुणाला हवाय?

"तीन आठवडे आहेत," ताईने सुई कोटात खुपसली. "मापाला न येणारी गोष्ट मी अजून पाहिलेली नाही."

घरात काही घडलं की समोरच्या मुख्याध्यापिकाबाईंना ते घरातल्यांच्या आधी कळतं. निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली, पण वर्ग अजून सुटलेला नाही. त्या संध्याकाळीच साखरेची वाटी परत करायला आल्या. ती वाटी त्यांनी नेलीच नव्हती.

"मांजराच्या बाजूने विचार करा," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "घरातलं माणूस बॅग घेऊन जातं. पाच महिन्यांनी तीच बॅग घेऊन दुसराच कुणी येतो आणि त्याच पलंगावर झोपतो. तुम्ही काय केलं असतंत?"

"पोलिसांत गेले असते," ताईने कबूल केलं.

"ती बिचारी नुसतं फिस्स् करते. वर्तणूक चांगलीच म्हणायची. उपाय वासाचा करा. मांजराचं सगळं शिक्षण नाकातून होतं. जुना कपडा काही आहे का?"

धाकट्याचा जुना निळा स्वेटर होता. पाच महिने बटण त्याच्यावरच झोपत होती. आता हा स्वेटर धाकट्याने नुसता अंगात घातला असता तरी चाललं असतं. पण त्याच्या नव्या खांद्यांवर तो बसेना, आणि ताईसारखी कारागीर बाई घरात असताना साधा उपाय करायचा म्हणजे कलेचा अपमान. तिने स्वेटरच्या एका बाहीचे सहा चौकोन कापले आणि त्याच्या सहा शर्टांच्या खिशांना आतून अस्तर म्हणून लावले. टाका असा की भिंगातून पाहिलं तरी दिसू नये. नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामावरून आला, त्याने खिसे चाचपले आणि अभिप्राय दिला, "भार सहन करेल." त्याच्या धंद्यात याहून मोठी स्तुती नाही.

पहिल्या संध्याकाळी चमत्कार झाला. बटण कपाटावरून उतरली. नाक पुढे करत, एकेक पाऊल मोजत आली, धाकट्याच्या मांडीवर चढली, छातीशी लागली. धाकट्याचे डोळे भरून आले. ताईने दाराआडून नवऱ्याचा दंड चिमटला. आणि मग बटणने दोन्ही पंजांनी खिसा उकरायला सुरुवात केली.

तिचं म्हणणं आता सगळ्यांच्या लक्षात आलं. या इसमाने तिच्या माणसाला खिशात घातलं होतं, आणि तिने सुटकेचं काम हाती घेतलं होतं.

चार दिवसांत चार शर्ट कामास आले. धाकटा नोकरी सोडेपर्यंत जुन्या दुकानात जात होता, आणि खिशाच्या जागी झालर लोंबत असलेला माणूस चष्मे विकतोय हे दृश्य दुकानाला परवडणारं नव्हतं. एका आजोबांनी नवा चष्मा डोळ्यांवर चढवला, समोर पाहिलं आणि म्हणाले, "काचा उत्तम आहेत. तुमचा खिसा फाटलाय."

या सगळ्यात कार्ड राहूनच गेलं होतं. ते काम किरकोळ, म्हणून ताईने धाकट्याला बरोबर घेऊन, भिंगरीला शाळेत सोडून येता येता उरकायचं ठरवलं. किरकोळ हा शब्द सरकारी इमारतीच्या पायरीवर उच्चारू नये. पशुदवाखान्यातला कारकून सज्जन माणूस होता. अंगठ्याला कागद उलटायची रबरी टोपी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि प्रत्येक अर्जाकडे नवजात बाळाकडे पाहावं तसं पाहायचा.

"नाव बदलायचंय," धाकट्याने कार्ड आणि नावबदलाचं प्रमाणपत्र पुढे केलं.

"मांजराचं? लगेच. पाच मिनिटांत करून देतो."

"मांजराचं नाही. माझं."

कारकुनाने प्रमाणपत्र दोन्ही बाजूंनी वाचलं, मग धाकट्याकडे पाहिलं, मग कार्डावरच्या जुन्या नावाकडे. चेहऱ्यावर तिरस्कार नव्हता, थट्टाही नव्हती. फक्त रकाना सापडत नसल्याचं दुःख होतं.

"साहेब, नावबदल हे माणसांचं खातं. आमच्याकडे मालकाच्या नावात दुरुस्ती नाही, फक्त मालकी बदल आहे. हा अर्ज. कारण चारांतून एक निवडा. मृत्यू, स्थलांतर, विक्री, कंटाळा."

"यातलं एकही नाही."

"मग 'स्थलांतर' लिहा. खाली, पूर्वीच्या मालकाशी नातं."

"स्वतः," धाकटा म्हणाला.

"स्वतः यादीत नाही. भाऊ, बहीण, पती, पत्नी, शेजारी, इतर."

"अहो, पूर्वीचा मालक मीच आहे!"

"असणारच. पण एक माणूस दोन ठिकाणी सही करू शकत नाही. देणारा आणि घेणारा वेगळे लागतात. मूळ मालकाला आणा. आजारी असतील, परगावी असतील तर फोनवरचा होकार चालतो. फक्त आवाज मला माझ्या कानाने ऐकू आला पाहिजे." मग त्याने आवाज उतरवला. "आणि एक स्वीकृतीची चाचणी असते. एका पोपटावर दोघांनी हक्क सांगितला होता, तेव्हापासून आलीय. खोलीत प्राणी मोकळा सोडायचा. दहा मिनिटांत तो आपणहून नव्या मालकाकडे गेला पाहिजे. नाही गेला तर कार्ड नाही."

"त्या पोपटाचं काय झालं?" ताईने विचारलं.

"खिडकीतून गेला," कारकून म्हणाला, आणि थोडा वेळ खिडकीकडे बघत राहिला.

आतून तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी सकाळी अकराला चाचणी घेऊ. मांजर गेलं त्यांच्याकडे, तर कागदाचं मी वरती बोलते. पण मांजर जायला हवं. तिथे मी खोटं लिहिणार नाही."

सोमवारी धाकट्याला निघायचं होतं. शनिवारला नऊ दिवस होते.

खोलीच्या भिंती कितीही जाड असोत, बातमी वर चढतेच. वरच्या मजल्यावर राहणारे काका तीस वर्षं रेडिओवर बातम्या वाचत. ते अजूनही "दूध आलं" हे वाक्य असं म्हणतात की ऐकणारा उभा राहून ऐकतो. त्यांचं निदान होतं की दोष वासात नाही, आवाजात आहे.

"मांजराला शब्द कळत नाहीत, सूर कळतो. याने जुन्या सुरात हाक मारायची. मी शिकवतो. आवाज पोटातून काढायचा नाही, कपाळातून काढायचा."

शिकवणी स्वयंपाकघरात सुरू झाली. ताईनेच काकांना बोलावलं होतं, चहाही तिनेच केला. धाकटा ओट्याला टेकून उभा, काका समोर, भिंगरी पाटावर बसून परीक्षक. तिसऱ्या दिवशी काका म्हणाले की आता प्रात्यक्षिक. धाकट्याने डोळे मिटले, आवाज कपाळात चढवला आणि हाक मारली.

ती हाक ज्यांनी ऐकली नाही त्यांना सांगून कळणार नाही. गंजलेलं फाटक, त्याच्यात अडकलेलं कुणी आणि मदतीला धावलेली सायकल, असे तीन आवाज एकदम आले. बटण पडद्यावरून सरळ वर गेली. पडद्याची दांडी खाली आली. दांडी, पडदा आणि मांजर असा सगळा संसार वकीलबाईंच्या काळ्या कोटावर पडला, आणि आठ दिवसांपूर्वी इतक्या निगुतीने शिवलेली बाही पुन्हा उसवली. पांढऱ्या केसांनी कोट असा दिसू लागला की वकीलबाईंऐवजी तो कुणी ध्रुवावरचा प्राणी घालत असावा.

"सूर किंचित वर लागला," काका म्हणाले आणि चहा न पिताच गेले.

भिंगरी हसून हसून पाटावरून पडली. धाकटा हसला नाही. तो केस वेचायला ताईजवळ खाली बसला. बराच वेळ दोघं कोटावरून एकेक पांढरा केस काढत राहिली.

"ताई, एक बोलू?" तो शेवटी म्हणाला, आपल्या आवाजात. "हा आवाज यावा म्हणून मी किती वर्षं वाट पाहिली, तुला माहीत आहे. बाथरूममध्ये नळ सोडून खर्जात बोलून बघायचो. आता तो आलाय. तो मला परत द्यायला लावू नका. तिच्यासाठीसुद्धा नाही."

ताईला कुणीतरी कानाखाली दिल्यासारखं झालं. साऱ्या नात्यात तिची ख्याती होती की ताई पुढारलेली, ताईने सगळ्यांना समजावलं, ताईने आत्याचा फोन परत जोडून दिला. आणि तिच्याच स्वयंपाकघरात तिच्याच चहावर हा प्रकार झाला होता.

"चुकलंच रे माझं," ती म्हणाली. "काकांना उद्यापासून बंदी."

"काकांना काही बोलू नकोस. बटण तुझ्याकडे राहू दे, एवढंच. तिला इथे सवय आहे."

आता एखाद्या शहाण्या बाईने इथे थांबायचं. पण चुकीची भरपाई करायला निघालेली माणसं थांबत नाहीत, ती पुढची चूक करतात. ताईला दुसऱ्याच दुपारी, भिंगरी झोपल्यावर, एक युक्ती सुचली. आवाज धाकट्याने कशाला काढायला हवा? तो तिच्या फोनमध्ये होता. धाकट्याने पूर्वी पाठवलेले आवाजी निरोप, एकूण एक्केचाळीस. इतके कसे राहिले? राहून गेले. लहान मूल असलेल्या बाईला फोन साफ करायला वेळ कुठे असतो? ते तिने एका वेगळ्या कप्प्यात तारीखवार लावून ठेवले होते ही गोष्ट खरी. पण ती शिस्तीची बाई आहे, तिच्याकडे दोरेसुद्धा रंगवार असतात.

तिने त्यातला एक निवडला. दोन वर्षांपूर्वीचा, धाकटा आईकडे राहत असतानाचा. जेवणाच्या वेळी धाकटा बटणशी बोलत होता आणि ते ताईला ऐकवत होता. पद्धत तिने शास्त्रशुद्ध ठरवली. धाकट्याचा आजचा, अंगात घातलेला, न धुतलेला शर्ट जमिनीवर, त्यावर माशाची बशी, बशीशेजारी फोन. जुना आवाज आणि नवा वास एकत्र पोटात गेले की मांजराच्या डोक्यात दोघांची गाठ पडेल. धाकट्याला सांगायचं नाही. त्याला वाईट वाटेल. तो दुकानात असतानाच हे करायचं.

पहिल्या दुपारी फोनमधून आवाज आला, "काय गं बटणाबाई, कोण उपाशी आहे?" आणि बटण कपाटावरून दगडासारखी खाली आली. ताईला डोळा चोळावा लागला. धूळ असेल.

चार दुपारी हा प्रयोग चालला. बटण यायची, खायची, शर्टावर बसायची. पाचव्या दुपारी ताईने तो आवाज फोनच्या घंटीला लावला, म्हणजे दिवसातून पाच-सहा वेळा सराव आपोआप होईल. संध्याकाळी धाकटा यायच्या आत घंटी बंद. प्रयोगाचा निकाल तिला शुक्रवारी कळला. बटणला शर्टाशी काही देणंघेणं नव्हतं. तिने फोनशी संसार मांडला होता. ती फोनला अंग घासायची, फोनवर बसायची, फोन चार्जिंगला लावला की पहारा द्यायची. नवऱ्याने रात्री गजराला म्हणून तो उचलला तर त्यालाच फिस्स् झालं.

"हिला फोन हवाय," तो बोट चोखत म्हणाला. "फोन पाठव त्याच्याबरोबर."

शनिवारी अकराला सगळे पशुदवाखान्यात हजर होते. धाकट्याने नवा, धड खिशाचा शर्ट घातला होता आणि तो परीक्षेला बसल्यासारखा एका स्टुलावर बसला होता, हात गुडघ्यांवर. एकोणीस दिवसांत ताईने त्याला इतकं ताठ बसलेलं रोज पाहिलं होतं. तेव्हा तिच्या ते ध्यानात आलं नव्हतं. बटणसमोर हा पोरगा श्वाससुद्धा परवानगी घेऊन घ्यायचा. समोर दुसरं स्टूल रिकामं होतं.

"तिथे मूळ मालक बसतात," कारकून म्हणाला. "कुणीतरी बसायला हवं. नाहीतर प्राण्याला निवड राहत नाही."

डॉक्टरीणबाईंनी ताईकडे पाहिलं. ताई मांडीवर पिशवी घेऊन बसली. म्हणजे आपल्या भावाच्या विरुद्ध ती त्याच्याच जागी बसली होती, आणि असा विचार केला की डोकं गरगरतं, म्हणून तिने तो केला नाही. भिंगरी दाराशी उभी राहिली. टोपलीचं झाकण उघडलं.

बटण बाहेर आली. खोलीच्या मध्यावर बसली आणि पंजा चाटू लागली. एक मिनिट गेलं. चार गेली. तिने धाकट्याकडे पाहिलं, धाकटा आणखी ताठ झाला, तिने मान फिरवली. सात मिनिटं झाली. कारकुनाची पेन्सिल वर होती. भिंगरीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

आणि ताईची पिशवी बोलू लागली.

"काय गं बटणाबाई, कोण उपाशी आहे? कोण उपाशी मेलंय? लबाड! हो, हो, सगळं तूच घे. मला काही नको. घे, सगळं तुझं!"

शुक्रवारी घंटी बंद करायची राहूनच गेली होती, आणि पलीकडून नवरा कामावरून फोन करत होता. चाचणीच्या वेळी फोन करू नकोस असं त्याला सकाळी दोनदा बजावलं होतं, म्हणून चाचणी संपली का हे विचारायला त्याने फोन केला होता. बटण एका उडीत ताईच्या मांडीवर आली आणि डोकं पिशवीत घातलं. ताई फोन शोधू लागली. बटण फोन देईना. पिशवीतून पुन्हा पहिल्यापासून, "काय गं बटणाबाई..."

धाकटा तिच्याकडे बघत होता. ताईचा चेहरा कानापर्यंत पेटला. आता तो उठून जाईल, तिला वाटलं. त्याने जावंच.

तेवढ्यात कारकुनाने पेन्सिल टेकवली आणि अतिशय समाधानाने बोलत बोलत लिहू लागला.

"मूळ मालक दूरध्वनीवरून हजर. आवाज स्वतः ऐकला. 'सगळं तूच घे, मला काही नको.'" त्याने चष्म्यावरून वर पाहिलं. "सव्वीस वर्षांत इतका स्पष्ट होकार मी ऐकला नव्हता. आधी सांगायचं ना, त्या फोनवर आहेत म्हणून!"

तो खरंच फसला की त्याने फसायचं ठरवलं, हे त्याच्या रबरी टोपीलाच ठाऊक. पण धाकट्याने त्याच्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, ताईच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याचा बांध फुटला. त्याचं हसणं मोठं विचित्र. आधी आवाजच नाही, नुसते खांदे हलतात. मग एक लांब श्वास आत. आणि शेवटी नाकातून पंप मारल्यासारखा फर्रक. आवाज बदलला, दाढी आली, खांदे आले, पण या फर्रककडे कुठल्या औषधाचं लक्ष गेलं नव्हतं. घरी आल्यापासून तो एकदाही असा हसला नव्हता. हसू देतो कोण? घरभर शास्त्र चाललं होतं.

फर्रक.

बटणचं डोकं पिशवीतून बाहेर आलं. कान पुढे झाले.

धाकटा डोळे पुसत होता, स्टुलावरून अर्धा घसरला होता, त्याचं मांजराकडे लक्षच नव्हतं. फर्रक! बटण ताईच्या मांडीवरून उतरली. मध्ये कुठे थांबली नाही. त्याच्या बुटांपाशी गेली, एका बुटाचा वास घेतला, दुसऱ्याचा घेतला, मग जागा पसंत केल्यासारखी उजव्या बुटावर बसली. त्याच्याकडे पाठ करून. आणि साऱ्या खोलीकडे असं पाहिलं, की हा माझा आहे, तुम्ही कोण?

धाकट्याचं हसणं तिथेच विरलं. त्याने हात खाली नेला, पण लावला नाही. बटणने डोकं वर करून स्वतःच लावून घेतलं.

"नऊ मिनिटं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "द्या कार्ड."

घरी चालत निघाले. टोपली धाकट्याच्या हातात, पण टोपलीत नुसतं फडकं; बटण त्याच्या खांद्यावर. नव्या खांद्यांना जागा जास्त होती.

"किती आहेत?" कोपऱ्यावरच्या बाकापाशी त्याने विचारलं.

"काय?"

"निरोप. माझे."

"आहेत दोन-चार," ताई म्हणाली. मग, "एक्केचाळीस. मांजरासाठी ठेवले होते."

"दोन वर्षांपूर्वीपासून?"

"दूरदृष्टी असते एखाद्याला."

"हो ना," धाकटा म्हणाला. त्याने मोकळा हात तिच्या खांद्यावर टाकला. चांगला जड हात होता. "पुसू नकोस. असू देत. नवेही पाठवेन, तिथून. रोज. कंटाळशील."

"तू पाठव तर."

भिंगरी दोघांच्या मध्ये घुसली. ती मघापासून बोटं मोजत होती, एका हाताची संपली की दुसऱ्याची, आणि ती संपली की मामाची उसनी घेऊन.

"मामा, बटणला तू ओळखू यायला एकोणीस दिवस लागले ना?"

"एकोणीस."

"मला आइसक्रीम संपेपर्यंत लागले." तिने हे जरा तोऱ्यातच सांगितलं. मग ती थांबली, मान उंच करून तिने वर पाहिलं. धाकट्याला एकदम बटणची शेपटी नीट करायची आठवण झाली, आणि तो त्यात गढून गेला.

"आणि आई, तुला किती लागले?"